कडीपाटावरचं तळं

पारिसअण्णांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्काराच्या आधी माझं वजन सांगितलं.

मी नवी नवरी. बेळगावहून सर्व्हिस मोटारीनं निपाणीत उतरलेली, अंगावर शालू, डोळ्यांत धूळ. मागं ट्रंक घेऊन आमचे मास्तर, म्हणजे हे. निपाणीच्या शाळेत शिकवायचे आणि पारिसअण्णांच्या घरात खालच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचे. अण्णा दारातच उभे होते. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला पटका. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, डावा डोळा बारीक केला आणि म्हणाले, "सव्वा मणाला दोन शेर कमी. मास्तर, जरा दूध-तूप घाला की ओ बायकोला."

असा संताप आला म्हणता! आणि पुढं एकदा वखारीतल्या काट्यावर चढून बघितलं तेव्हा दुप्पट आला. मेलं बरोब्बर निघालं.

अण्णांचा तंबाखूचा व्यापार. शेतकरी गाड्या भरभरून गठ्ठे आणायचे, आणि त्यातले काही पठ्ठे वजन वाढावं म्हणून आदल्या दिवशी वर पाण्याचा हबका मारून आणायचे. अण्णा गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालायचे, एक पान चुरगाळून नाकाला लावायचे, डावा डोळा बारीक करायचे आणि वजन सांगून टाकायचे. वर एक शब्द, "पाणी वजा!" म्हणजे वजनातनं ओल कापली. शेतकरी तोंड वेडंवाकडं करायचा, पण खोटं आहे असं कुणाला म्हणता आलं नाही.

उभा जन्म पाणी वजा करण्यात गेल्यामुळं ते बाकीच्या जगालाही तोच न्याय लावायचे. चिकोडीकडचे कोणी पाहुणे येऊन मुलीच्या स्थळाचं वर्णन करायला लागले की अण्णा म्हणायचे, "पाणी वजा करून सांगा, मग काय ऱ्हातंय ते बगू." हेडमास्तरांचं भाषण ऐकून आले की म्हणायचे, "निम्मं पाणी." मी एकदा माहेरच्या आठवणीनं डोळे पुसत बसले होते, तर जिन्यावरनं जाता जाता म्हणाले, "रडा, मास्तरीणबाई, रडा. तेवढंच पाणी वजा." आता ह्याला काय म्हणायचं? मी रडायची थांबले, ही गोष्ट वेगळी.

तर असा हा माणूस. लढाई सुरू झाली त्या साली बेळगावच्या कॅम्पातला कोणी गोरा साहेब आघाडीवर गेला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव निघाला. अण्णा तिजोरी घ्यायला म्हणून गेले आणि काचेचा हौद घेऊन आले. लोखंडी चौकट, जाड जाड काचा, तळाला दगडी फरशी. आत पाय पसरून मी आंघोळ केली असती, एवढा मोठा! तो मोटारीच्या टपावर गोणपाटात गुंडाळलेला. आणि अण्णांच्या मांडीवर तांब्याची घागर, घागरीवर ओलं फडकं.

"घागरीत काय हाय, अण्णा?" कंडक्टरनं विचारलं म्हणे.

"मासं."

झालं! जैनाच्या घागरीत मासे! अख्खी मोटार निपाणीपर्यंत त्या घागरीकडं बघत आली, आणि मोटारीच्या आधी बातमी कशी पोचली देव जाणे, पण बस्तीतली, म्हणजे जैन मंदिरातली, चार वडीलधारी माणसं घरापुढं उभीच होती. अण्णांनी फडकं बाजूला केलं. आत पाच सोनेरी मासे, गपगार.

"एक मिठाईवाला त्या हौदावर बोली करत हुता," अण्णा म्हणाले. "कुंदा ठिवायला पायजे म्हणं. त्यानं इच्यारलं, ह्या माशांचं काय करायचं? तर सायबाचा खानसामा म्हणतोय, कढई तापवतो. मग म्या काय करायचं? तिजोरी काय मरत न्हाई. मासं मरत्यात."

ह्यावर बस्तीतल्या मंडळींनी माना डोलावल्या. दया ती दया. ते घरी गेले, आणि खरा प्रश्न माझ्या डोक्यावर आला. डोक्यावर म्हणजे अगदी डोक्यावरच. कारण अण्णांनी तो हौद नेऊन ठेवला माडीवर, पद्मक्कांच्या खोलीत, बरोब्बर मधोमध. आणि त्या खोलीच्या खाली माझं स्वयंपाकघर. वर लाकडी फळ्यांची जमीन, फळ्यांखाली कड्या, कड्यांखाली एक तुळई, आणि तुळईखाली चुलीपुढं बसलेली मी.

पद्मक्का म्हणजे अण्णांच्या मंडळी. वाऱ्यानं दोन्ही पाय धरले तेव्हापासून त्या माडीवरच्या खाटेला खिळल्या होत्या. जिना इतका अरुंद की खाट आडवी उतरायची सोय नाही. मी त्या घरात आले तेव्हापासून त्यांना भिंतीकडं तोंड करून पडलेलंच पाहिलं होतं. सणासुदीला काही वाटीत घालून नेलं की "ठेव गं" म्हणायच्या, पण वळायच्या नाहीत. मूलबाळ नाही. माहेर वेदगंगेच्या काठाला, तिथंही कुणी उरलेलं नाही. अण्णा त्यांचं सगळं करायचे, पण ते मुकाट्यानं, आणि दार लावून.

हौदात पाणी भरलं त्या संध्याकाळी आमच्या मास्तरांनी पाटी काढली. लांबी, रुंदी, उंची, गुणाकार.  मग मुकाट्यानं उठले, आपलं अंथरूण उचललं आणि बाहेर पडवीत नेऊन टाकलं. मला काही बोलले नाहीत हो! सकाळी मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वारा बरा येतो तिथं." पाटी वाचल्यावर मला वारा कसला ते कळलं.

मी पाटी घेऊन तरातरा अण्णांकडं गेले. अण्णांनी ती पाहिली आणि हसले.

"मास्तरांनी पाणी धरलंय ह्यात."

"मग? पाणी आहे ना आत!"

"पाणी कुणी वजनात धरतंय व्हय, बाई? काच, लोखंड, फरशी, वाळू. एवढंच वजन. म्या डोळ्यानं तोललंय. तुळई सागवानी हाय. काय बी हुईत न्हाय."

आता अशा माणसाशी काय वाद घालायचा? ज्यानं आयुष्यभर पाण्याला वजन असतं म्हणणाऱ्याला लबाड ठरवलं, त्याच्यापुढं मी पाण्याचं वजन घेऊन उभी!

मग सुरू झालं आमचं राजवैभव. आमटीत वरून भुसा पडायला लागला. स्वयंपाकघराचं दार आधी कुरकुरलं, मग अडकलं, मग लागेचना. अण्णांचं पाऊल वर पडलं की खाली फळीवरची भांडी वाजायची. मी ओरडले की अण्णा वरून विचारायचे, "काय म्हनती तुळई?" जसं काही मी आणि तुळई सुखदुःखाच्या गोष्टी बोलत बसलो होतो.

शेवटी त्यांनी बडिगेर आणला. बडिगेर म्हणजे आमच्याकडचा सुतार. तो एक नंबरचा धोरणी माणूस. हौद भिंतीलगत सरकवावा असं एकदा म्हणाला, अण्णांनी "मदीच पायजे" म्हटल्यावर परत म्हणाला नाही, आणि टेकू विकायला लागला. पहिला टेकू उभा राहिला चुलीच्या डाव्या अंगाला. तुळई त्याच्यावरून दुसरीकडं वाकली, म्हणून दुसरा पाट्यावरवंट्याच्या जागी. मग तिसरा, दाराच्या तोंडाशी. मी भाकरी घेऊन उठले की आधी उजवीकडं, मग डावीकडं, मग अंग चोरून मधनं. कणकुंबीच्या रानात गेल्यासारखं वाटायचं. मास्तर जेवायला बसले की आम्हाला एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. मास्तरांना त्याचं काही दुःख झालेलं मला दिसलं नाही.

"अण्णा, खाली सोप्यात ठेवा की तो हौद," मी रोज म्हणायची. "दगडी जमीन आहे, दारात येणारंजाणारं बघेल, तुमचंही कौतुक होईल."

"न्हाय. वरच."

"का पण?"

"हवा लागती माशास्नी."

दुसऱ्या दिवशी म्हणायचे, मांजर येतं. तिसऱ्या दिवशी आणखी काही. एक कारण दुसऱ्याला ओळखत नसायचं.

आणि माशांचे काय ते लाड! अण्णांच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही, तर मासेही जेवायचे नाहीत. भाकरीचा चुरा दिवसाउजेडी. चतुर्दशीला उपास. हौदात पाणी घालायचं ते आपल्याच विहिरीचं, दुपदरी फडक्यानं गाळून, आणि फडक्यात अडकलेले बारीक जीव परत त्याच विहिरीत सोडायचे. जिवाणी म्हणतात त्याला. वरून फेकायची नाही, बादली पाण्याला टेकेपर्यंत हळू खाली सोडायची. अण्णा ते इतक्या निगुतीनं करायचे की मला रहाटावर माझ्या पाळीला ताटकळत राहावं लागायचं.

खरी करमणूक मात्र पद्मक्कांची. हौद आला आणि ज्या बाईचा "ठेव गं"पलीकडं आवाज मी कधी ऐकला नव्हता, तो कडीपाटातनं खाली यायला लागला. आणि काय आवाज! "अवो, ऐकतासा काय? उरावर तळं आणून ठिवलंय माझ्या! डोळं वटारून बघत्यात मेली दिसभर! न्हेऊन टाका त्येस्नी!" अण्णा हं हं म्हणायचे. मी वर गेले तर त्या भिंतीकडची कूस सोडून हौदाकडं तोंड करून, कोपरावर उठून बसलेल्या.

"ती पोटफुगी बगितलीस?" मला म्हणाल्या. "ती माझी थोरली नणंद. सगळ्यांच्या आदी पुढं, आन् खाऊन झालं की कोपऱ्यात. ती बारकी हाय न्हवं, ती जाऊ. लई गोड बोलायची, आन् मागनं चावायची. बग, बग, चावली का न्हाई!"

पाची माशांना त्यांनी सासरच्या बायकांची नावं दिली होती, आणि सासरी आल्यापासून मनात साठलेलं सगळं त्यांना तोंडावर सुनावत होत्या. मधूनच अण्णांना हाका मारायच्या, "तुमच्या भनीला सांगा, जरा सरक म्हणावं, जाऊला खाऊ दे." मी हसून हसून बेजार झाले. उठताना त्या म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, ह्येस्नी समजवाय. काय ही पिडा माझ्या मागं." मी खाली येऊन मास्तरांना म्हटलं, बिचारीला नकोय हो तो हौद, अण्णांचाच हट्ट. माझ्यासारख्या तिखट डोळ्याच्या बाईलासुद्धा तेव्हा एवढंच दिसलं.

मग ती सकाळ आली. मी भाकरी थापत होते. डोक्यावर काड् असा आवाज झाला, तुळईला हातभर चीर पडली, आणि तिच्या फटीतनं धूळ सरळ परातीत. मी पिठाच्या हातांनी, टेकूंना थडकत, थेट अंगणात.

"काय मोडलं?" अण्णा वरनं ओरडले.

"तुमचा डोळा मोडला!" मी ओरडले. "या खाली आणि बघा!"

ते आले. तुळईखाली उभे राहून त्यांनी चीर पाहिली. डावा डोळा बारीक केला, ओठ हलवले, परत पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा उतरला की माझी ओठावर आलेली शिवी परत गेली.

"पाणी धरलंच न्हाय की ओ म्या," ते म्हणाले. "सवयच न्हाय."

तेवढ्यात गल्ली गोळा झाली. मास्तर म्हणाले, "आधी पाणी काढा! खिडकीतनं गटारात ओता!" दोघंजण जिन्याकडं धावले, तर अण्णा जिन्याच्या पायरीवर आडवे उभे.

"गटारात न्हाय. पाणी आपल्या हिरीचं हाय, त्यात जीव हाईत. हिरीतच जाईल."

"अण्णा, घर पडतंय!"

"पडू द्या. जीव मरू देणार न्हाय."

शेवटी काय केलं सांगू? माडीपासून जिन्यातनं अंगणातल्या विहिरीपर्यंत माणसांची रांग लावली. आधी मासे घागरीत, ती घागर पद्मक्कांच्या उशाशी. मग पाणी, घागरीमागून घागर, हातातनं हातात. आणि रांगेच्या शेवटी अण्णा, प्रत्येक घागर बादलीत ओतून ती हळू, अगदी हळू विहिरीत सोडतायत! वर तुळई कण्हतेय, जिन्यात मास्तर डोळे मिटून रामनाम म्हणत घागरी पुढं देतायत, आणि सगळ्यांच्या वर पद्मक्कांचा आवाज, "सांडू नगा रं, भाड्यानो! माझ्या नणंदेचं घर हाय ते!"

हौद रिकामा झाला. आठ जणांनी तो उभा धरून जिन्यातनं खाली आणला, सोप्यात दगडी जमिनीवर ठेवला. पाणी भरलं, मासे सोडले. बडिगेरानं तुळईला लोखंडी पट्ट्या मारल्या. शाळा सुटली की पोरं खिडकीला नाकं लावून उभी राहायची. मी पोटभर श्वास घेतला. म्हटलं, सुटलो सगळे, पद्मक्कांसकट.

पण वरून आवाज येईना.

पहिल्या दिवशी वाटलं, दमल्या असतील. मग मी घारगे घेऊन वर गेले. पद्मक्का भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. "ठेव गं," म्हणाल्या. मी म्हटलं, "आक्का, गेली बघा एकदाची पीडा."  खोलीच्या मधोमध फळ्यांवर हौदाचा पांढरा चौकोन तेवढा उमटला होता.

आणि चारआठ दिवसांत एका दुपारी घरापुढं बैलगाडी उभी राहिली. गाडीत नवी कोरी तुळई, दांडगी, दोन माणसांना उचलणार नाही अशी. शेजारी बडिगेर, खुशीत. गाडीमागं रिकामटेकडी गल्ली. अण्णा मला म्हणाले, "मास्तरीणबाई, चार दिस चूल अंगणात मांडा. हौद परत वर चढवायचाय."

मी कंबरेला पदर खोचला. काय काय बोलले ते आता सांगत नाही, पण गाडीचे बैलसुद्धा माझ्याकडं बघायला लागले. घर पाडायचंय का? माणसं मारायचीत का? माशांचे जीव ते जीव, आणि मी? "खाली काय वाईट चाललंय माशांचं?" मी विचारलं. "कशासाठी वर पाहिजे तुम्हाला ते?"

अण्णा सोप्याच्या पायरीवर बसले. पटका काढून मांडीवर ठेवला. त्यांना उघड्या डोक्यानं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"मला कशाला पायजेत मासं?" ते हळूच म्हणाले. "रोज सकाळी म्या उचलतो तिला. धुवाय-पुसाय. हातालाच कळतंय. दरसाल कमी हुईत चाललीया. वैद्य झालं, नवस झालं. मासं आलं, आन् ती भांडाय लागली, भाकरी मागून खायाला लागली. भरली जरा. आता परत…" त्यांनी दोन्ही तळहात पुढं केले, जणू त्यांवर काही ठेवलेलं होतं. "ह्यात काय पाणी वजा करायचं सांगा मला."

मी खोचलेला पदर सोडला. "मग त्यांनाच खाली आणा की, अण्णा!"

"म्हनलंतं की. एकदा सोडून शंभरदा. पर ती म्हनती, नवऱ्याच्या हातावर बसून गल्लीदेखत उतरू व्हय? उतरीन तर चौघांच्या खांद्यावरनंच."

मी तशीच वर गेले. भिंतीकडं वळलेल्या त्या पाठीशी बसले आणि म्हटलं, "आक्का, खालच्या माझ्या खोल्या तुम्ही घ्या. आम्ही दोघं वर येतो. मास्तरांना वारा लई आवडतो."

पाठ हलली नाही. भिंतीकडनंच आवाज आला, "लोकं बगत्यात गं."

"कोण बघतंय ते मी बघते," मी म्हटलं.

आणि माझा आवाज तुम्हाला आता कळलाच आहे. मी अंगणात उभी राहून जी हाक मारली, ती बाजारपेठेपर्यंत गेली असेल. "फिरा सगळे! तोंडं रस्त्याकडं! बडिगेर, तुम्ही पण! मास्तर, डोळे मिटले तरी चालणार नाही, फिरा म्हणजे फिरा!" क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग वर अण्णांचं पाऊल वाजलं, आणि सगळ्यांना एकदमच कळलं. बाप्ये, बाया, पोरं, गाडीवान, सगळे घराकडं पाठ करून उभे राहिले. मीही फिरले. मी, जिनं त्या घरातली एकही गोष्ट बघायची सोडली नव्हती. म्हणून अण्णांनी पद्मक्कांना कसं उचललं, त्यांनी पदर तोंडावर घेतला होता की नाही, हे मला विचारू नका.

ऐकू मात्र आलं. जिना करकरला. थांबला. परत करकरला. मधल्या पायरीवर अण्णांना धाप लागलेली, आणि पद्मक्कांचा आवाज, त्या घरात मी कधीच न ऐकलेला, अगदी हळू:

"दमलासा काय ओ? टेका की जरा भिंतीला. मला काय घाई न्हाय."

"व्हय," अण्णा म्हणाले, आणि दोघं तिथंच थांबले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आमच्यापैकी कुणीही मागं वळून बघितलं नाही.